उक्ते मास्तर

चकलीची भाजणी भाजून झाली होती आणि तिचा खमंग वास ओटीपर्यंत आला होता. दिवाळी आठ दिवसांवर आलेली. शाळेला सुट्टी लागली नव्हती, पण मुलांचे आणि खरे सांगायचे तर मास्तरांचेही मन केव्हाच सुट्टीवर गेले होते. अशा एका संध्याकाळी माझी भाची हातात एक कागद घेऊन आमच्याकडे आली. एम्. एस्सी. झालेली, हुषार आणि धडपडी मुलगी. पुण्याची नोकरी सोडून ती सिन्नरला परत आली आहे आणि घरपोच शिकवणीचा उद्योग काढण्याच्या खटपटीत आहे. माळेगावच्या आणि मुसळगावच्या कारखान्यांत काम करणारी पुष्कळ कुटुंबे आता इथे राहतात. नवराबायको दोघेही पाळ्यांवर जातात, आणि मुलांना घरी येऊन शिकवणारे कुणी त्यांना हवे असते. तिने सहा शिक्षक जमवले होते, त्यांत चार मुली.

"मामा, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. एवढा करारनामा चांगल्या मराठीत करून द्या," ती म्हणाली. "शिक्षकांना इंग्रजी येतं, पण घरच्यांना दाखवायला मराठी बरं."

कागद तिने कुणा ओळखीच्याकडून मिळवला होता. चौदा कलमे होती. पहिल्या कलमात म्हटले होते, की सदर शिक्षक हा स्वतंत्र व्यावसायिक असून तो संस्थेचा नोकर नाही व कधी समजला जाणार नाही. पुढची तेरा कलमे वाचताना मात्र मला हा स्वतंत्र मनुष्य कुठे दिसेना. त्याने सांगितलेल्या घरी, सांगितलेल्या वेळी हजर व्हायचे. संस्थेने दिलेल्या वहीप्रमाणेच शिकवायचे. गळ्यात संस्थेचा बिल्ला घालायचा. एक दिवस चुकला तर दोन दिवसांचे पैसे कापायचे. दुसरीकडे शिकवणी धरायची नाही, आणि काम सोडल्यावर दोन वर्षे सिन्नर तालुक्यात कुणालाही शिकवायचे नाही. रजा नाही. जातायेता अपघात झाला तर संस्थेचा संबंध नाही.

माझी आई जवळच सुपात डाळ निवडीत बसली होती. तिचे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. "काय लिव्हलंय रं त्यात?" तिने विचारले. मी थोडक्यात सांगितले. ती हातातला खडा टाकून म्हणाली, "म्हंजी ही मास्तरं आमच्यावानीच की! आमालाबी म्हनायचे, तुमी मोकळ्या हाय. या न् जा. अन् रजेचं नाव काढलं की म्हनायचे, मोकळ्या मानसाला रजा कशाची?"

आईने उभी हयात बिड्या वळल्या. तिचे हे बोलणे ऐकून भाची हसली, पण मला हसू आले नाही. कारण आईला ठाऊक नसले तरी तिचे हे वाक्य देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचलेले आहे, आणि तेही आमच्या सिन्नरमधूनच.

वाचकहो, सिन्नरचे नाव आपण ऐकले असेल ते गोंदेश्वराच्या देवळामुळे, नाहीतर सेउणदेशाच्या यादवांची आरंभीची राजधानी म्हणून. कायद्याच्या पुस्तकातही सिन्नरचे एक पान आहे, हे मात्र थोड्यांना माहीत असते. मी वकील नव्हे, साधा मॅट्रिक झालेला शाळामास्तर आहे. तरीपण बिडी वळणारणीच्या पोटी जन्मल्यामुळे ते पान मी पुनःपुन्हा वाचले आहे. भाचीच्या कागदाचा अर्थ मला त्या पानाने समजावून दिला, तो या निमित्ताने सांगावासा वाटतो.

मुळात हा प्रश्न फार जुना आहे. शिकवणारा मनुष्य कुणाचा नोकर असतो? गावचा पंतोजी घ्या. तो कुणाच्या ओसरीवर, नाहीतर देवळाच्या पडवीत शाळा मांडी. मुलांच्या घरून त्याला थोडे पैसे, थोडे धान्य आणि सणावारी शिधा मिळे. एल्फिन्स्टनसाहेब मुंबईचा गव्हर्नर असताना, म्हणजे 1819 ते 1827 या काळात, अशा देशी शाळांची मोजदाद सुरू झाली. तिचे जे आकडे पुढे हाती आले त्यांत मुंबई इलाख्यात सतराशेवर शाळा भरल्या. त्या शाळांतला पंतोजी गरीब होता, पण त्याची छडी त्याची होती, त्याचे उजळणीचे पाढे त्याचे होते, आणि आज कुणाला घोकायला लावायचे हे तोच ठरवी. पाटलाचा मुलगा असो की वाण्याचा, 'असे शिकवा' म्हणून त्याला कुणी सांगत नसे. आजच्या भाषेत तो खरा स्वतंत्र व्यावसायिक होता. त्याला रजा नव्हती हे खरे, परंतु त्याच्या वेळेवर दुसऱ्याचा हक्कही नव्हता.

घरी येऊन शिकवणाऱ्याची गोष्ट थोडी निराळी. आमच्याच जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव नावाचा मुलगा 1875 साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. त्याला शिकविण्यासाठी एलियट नावाचे सनदी अधिकारी नेमले गेले. वाडा बडोद्याचा, शिष्य बडोद्याचा; पण शिक्षक मात्र सरकारी अधिकारी आणि त्याची नेमणूकही इंग्रज सरकारच्या मर्जीची. पैसा कुठून येतो यावर धनी कोण हे ठरत नाही. हुकूम कुणाचा चालतो त्यावर ठरते, याचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

आपल्या लोकांनी हा फरक कायद्याची पुस्तके येण्याआधीच ओळखला होता. रोजाने लावलेला गडी आणि उक्ते काम घेतलेला गवंडी यांना आपण कधी एका मापाने मोजले नाही. रोजाच्या गड्याला मालक सांगतो, 'आता हे टाक, ते उचल.' उक्ते घेणाऱ्याला एवढेच सांगतो, 'भिंत एवढी हवी, इतके पैसे देईन.' मग त्याने ती सकाळी बांधावी की दुपारी, दोन माणसे लावावीत की चार, हा त्याचा प्रश्न. गड्याच्या हातून शेजाऱ्याचे कौल फुटले तर शेजारी मालकाच्या दारी येतो. उक्त्या गवंड्याने फोडले तर बहुधा गवंड्याच्याच दारी जातो. कायद्यातल्या सेवेचा करार आणि काम करून देण्याचा करार या दोन जडजंबाल शब्दांच्या पोटात एवढाच फरक आहे.

स्वातंत्र्यानंतर हा फरक न्यायालयांपुढे पहिल्यांदा ठळकपणे आला तो मिठागरांतून. सौराष्ट्रातल्या ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात 1956 साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न होता, की मीठ पिकविणारे आगरी हे कामगार की स्वतंत्र कंत्राटदार. ते बायकापोरांच्या मदतीने काम करीत आणि पिकलेल्या मिठाच्या वजनावर पैसे घेत. न्यायालयाने कसोटी सांगितली ती अशी, की काय काम करायचे एवढेच धनी सांगतो, की ते कसे करायचे हेही सांगण्याचा त्याला हक्क आहे? तो हक्क असेल तर काम करणारा कामगार. आगरी कामगार ठरले.

आता सिन्नरचे पान. त्या काळी सिन्नर म्हणजे बिडी असे समीकरण होते. घराघरांत सूप, कात्री आणि पानांच्या जुड्या. 1957 साली इथल्या एका बिडी कारखान्यात काही महिने काम करून एका कामगाराने काम सोडले. भरपगारी रजेबद्दलचे त्याचे पैसे त्याला मिळाले नव्हते. रक्कम किती असेल? दिवाळीत आपण फटाक्यांवर उडवतो त्याच्या पासंगालाही ती पुरणार नाही. पण कारखाने कायद्याखाली खटला उभा राहिला. तो मुंबईच्या हायकोर्टात गेला, तिथून दिल्लीला गेला, आणि 1961 साली 'शंकर बाळाजी वाजे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने त्याचा निकाल लागला.

बिडी वळणारा मनुष्य कारखान्यात केव्हाही येई, केव्हाही जाई. दिवसाला इतक्या वळल्याच पाहिजेत असे बंधन नव्हते. दहा दिवसांपर्यंत न सांगता गैरहजर राहिला तरी कुणी विचारीत नसे. पैसे हजारी मिळत. संध्याकाळी माल दाखवायचा. नमुन्याप्रमाणे नसलेल्या बिड्या बाजूला काढल्या जात. तिघा न्यायमूर्तींपैकी दोघांनी म्हटले, की एवढी मोकळीक असताना याच्यावर धन्याची हुकमत कुठे आहे? तेव्हा तो कारखान्याचा कामगार नव्हे आणि त्याला रजा नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव मात्र सहमत झाले नाहीत. कामाचे स्वरूप जसे, तसे देखरेखीचेही स्वरूप बदलते, असे त्यांचे म्हणणे. बिडी वळणाऱ्याच्या डोक्यावर कुणी उभे राहावे लागत नाही, म्हणून त्याला धनीच नाही असे होत नाही.

गंमत अशी, की याच्या थोडेच आधी नागपूरच्या बिडी कामगारांचा खटला त्याच न्यायालयात चालला होता आणि ते कामगार ठरले होते. तिथे हजेरी लागत होती आणि न सांगता गैरहजर राहणाऱ्याचे नाव काही दिवसांनी कमी होई. काम तेच, पाने तीच, तंबाखू तीच. फरक धन्याने हातात ठेवलेल्या दोरीच्या लांबीचा.

हा निकाल वाचताना मला प्रत्येक वेळी माझ्या आजीची आठवण होते. निकालात म्हटलेली मोकळीक खोटी नव्हती. आजी पोरांचे उरकून कारखान्यात जाई आणि कधी जातही नसे. पण ज्या दिवशी ती जात नसे त्या दिवशी चूल थंड असे. दार उघडे होते, हे न्यायालयाला दिसले. बाहेर पडल्यावर जायचे कुठे, हे कारखाने कायद्याच्या व्याख्येत लिहिलेले नव्हते, आणि न्यायाधीशाने व्याख्येबाहेर जाऊ नये हेही खरेच. म्हणून तो निकाल देणाऱ्यांना मी दोष देत नाही. कारखानदाराने तरी कायद्याने खुली ठेवलेली वाट धरली, इतकेच. वाटच चुकीची होती, आणि ती बदलणे हे कायदेमंडळाचे काम होते.

ते काम 1966 साली झाले. बिडी व सिगार कामगारांसाठी संसदेने निराळा कायदा केला आणि त्यात कारखान्यात बसणाराच काय, कच्चा माल घरी नेऊन बिड्या वळणाराही कामगार धरला. भरपगारी रजा आली. कारखानदारांनी त्याविरुद्ध दाद मागितली, पण 1974 साली 'मंगळूर गणेश बिडी वर्क्स'च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पुढे तो कायदा 2020 च्या कामगार संहितांत सामावून घेतला गेला. आई बिड्या वळू लागली ती या कायद्याच्या सावलीत. तरी 'मोकळ्या मानसाला रजा कशाची' हे उत्तर तिनेही ऐकले, कारण कायदा झाला म्हणजे तो दुसऱ्या दिवशी सुपात येऊन पडत नाही.

न्यायालयांची दृष्टीही पालटत गेली. 1973 साली शिंप्यांचा खटला आला. ते नगावर पैसे घेत, हवे तेव्हा येत, काही जण कापड घरीही नेत. तरीसुद्धा न्यायालय म्हणाले, की शिलाई पसंत नसेल तर ती परत उसवून करायला लावण्याचा हक्क धन्याला आहे, तेव्हा हे त्याचेच नोकर. आणि 1985 साली भविष्य निर्वाह निधीच्या प्रश्नावर घरी बिड्या वळणाऱ्यांचा खटला आला, तेव्हा न्यायालयाने सांगितले, की माल नापास करण्याचा हक्क हीच देखरेख. चोवीस वर्षांपूर्वी सिन्नरच्या खटल्यात जी गोष्ट पुरेशी ठरली नव्हती, तिच्याच आधारावर घरबसल्या बायकांना फंड मिळाला. सुब्बा रावांनी एकट्याने लावलेली पणती तोवर तेवत राहिली होती म्हणायची.

इथपर्यंत सांगून झाल्यावर भाची म्हणाली, "मामा, मग माझे शिक्षक माझे नोकरच ठरणार की!"

तिचे म्हणणे अर्धे खरे होते. उरलेले अर्धे समजण्यासाठी गोव्याला जावे लागते. पणजीजवळच्या करंझाळे येथील एका शाळेतल्या शिक्षिकेला 1975 साली कामावरून कमी करण्यात आले. तिने औद्योगिक कलह कायद्याखाली दाद मागितली. 'ए. सुंदरांबाळ विरुद्ध गोवा, दमण व दीव सरकार' हा तो खटला. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की शाळा हा त्या कायद्याच्या अर्थाने उद्योग असला तरी शिक्षक हा कामगार नव्हे. त्याचे काम अंगमेहनतीचे नाही, कारकुनीचे नाही, तांत्रिकही नाही. ते उदात्त कार्य आहे. आम्हा मास्तरांचा असा गौरव क्वचितच झाला असेल, आणि गौरव होऊन हाती काही न येण्याचा प्रसंगही. ग्रॅच्युइटीच्या बाबतीत 2004 साली असेच झाले. तेव्हा मात्र संसदेने 2009 साली कायदा दुरुस्त करून 1997 पासूनची ग्रॅच्युइटी शिक्षकांना मिळवून दिली. आमच्यासारख्या शाळेतल्या शिक्षकांना महाराष्ट्रात 1977 चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा आहे, न्यायाधिकरण आहे. घरोघर जाऊन शिकवणाऱ्याला यातले काहीच नाही. बिडी वळणारणीला जेवढा कायद्याचा आधार मिळाला, तेवढाही आज या एम्. एस्सी. झालेल्या पोरांना नाही. त्यांना आधार एकच, आणि तो म्हणजे सही केलेला कागद.

म्हणून तो कागद खरा असला पाहिजे, असे मी भाचीला म्हटले. पहिल्या कलमात 'स्वतंत्र' लिहिल्याने कुणी स्वतंत्र होत नाही. वाद झाला तर न्यायाधीश पहिले कलम वाचून थांबत नाही. तो पुढची तेरा वाचतो, आणि मग रोज प्रत्यक्षात काय चालते ते विचारतो. वेळ तुझी, वही तुझी, बिल्ला तुझा, फी तुझ्या खात्यात, दंड तुझा, आणि दुसरीकडे शिकवायला बंदीही तुझीच. मग त्या माणसाचे स्वतःचे असे उरले काय? मोटारसायकल आणि तिचे पेट्रोल!

मोटारसायकलीचे नाव मी मुद्दाम काढले. गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका शिकवणीवाल्यांच्या कामावर दोन घरांच्या मधल्या वाटेत घसरून पडला. पाय मोडला. तीन महिने घरी होता. ज्यांच्यासाठी तो धावत होता त्यांनी करारातले कलम दाखवले आणि त्याची घरे दुसऱ्याला वाटून दिली. तो मला म्हणाला, "सर, त्यांनी फसवलं असं नाही म्हणता येत. मीच सही केली होती." त्या वाक्याने मला फार वाईट वाटले. चांगला मुलगा होता. गणित सुरेख शिकवीत असे.

मग आम्ही दोघे कागद घेऊन बसलो. काम सोडल्यावर दोन वर्षे तालुक्यात शिकवायचे नाही, हे कलम मी आधी खोडले. 1872 चा करार कायदा आजही सांगतो, की कुणालाही त्याचा कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. त्याचे सत्ताविसावे कलम ते. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीच्या खटल्यात 1967 साली न्यायालयाने नोकरीची मुदत चालू असेपर्यंत दुसरीकडे न जाण्याचे बंधन मान्य केले. पण नोकरी संपल्यावरचे बंधन टिकत नाही हा दंडक 1980 सालच्या निकालातही कायम राहिला. तुझ्या छापील टिपणांची नक्कल करू नये, पालकांची माहिती बाहेर देऊ नये, एवढे लिही. ते रास्त आहे. माणसाच्या विद्येला कुलूप घालू नकोस.

दुसरे, तुझ्या यादीतले दोघे शाळेत शिक्षक आहेत, त्यांची नावे काढ. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे अठ्ठाविसावे कलम शिक्षकाला खाजगी शिकवणी करू देत नाही. त्यांची नोकरी धोक्यात येईल आणि तुझ्या उद्योगाचे नाव जाईल. मी स्वतः तुला का मदत करीत नाही, याचेही कारण तेच. भाचीने मुकाट्याने दोन नावांवर काट मारली. पुढे तिने दुसरे दोन शोधले.

तिसरे, तुझ्या चार मुली परक्या घरांत जाणार. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा छळ होऊ नये म्हणून 2013 साली जो कायदा झाला, त्यात कामाचे ठिकाण म्हणजे खाजगी घरही येते, आणि काम करणारी म्हणजे पगारी नोकरच असे नाही, कंत्राटावरची बाईदेखील येते. तेव्हा 'स्वतंत्र' शब्दामागे इथे लपता येणार नाही. दहापेक्षा कमी माणसे असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते, हे त्या मुलींना तूच सांगून ठेव. आणि मुलांची बाजूही आहे. ज्याला आपण दुसऱ्याच्या लेकराजवळ बसवतो त्याची चौकशी आपण केली पाहिजे. शिकवणीच्या वेळी घरात मोठे माणूस हवे, हे पालकांच्या कागदात लिही. लेकराशी काही गैर घडल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे 2012 च्या कायद्याने सक्तीचे आहे. तिथे नोकर कोण आणि कंत्राटदार कोण, हा प्रश्नच कुणी विचारीत नाही.

उरले पैशाचे. पालकांची सगळी फी तुझ्या नावे जमा होणार असेल तर उलाढाल त्या सगळ्या फीची धरली जाईल. वर्षाला वीस लाखांच्या पुढे गेलीस की वस्तू व सेवा कराची नोंदणी आली. व्यवसाय कर हा आपल्या राज्यात 1975 पासून आहे, तो मास्तरालाही चुकलेला नाही. बाकीचे एखाद्या चांगल्या हिशेबनीसाला विचार. त्यात लाज नाही.

शेवटी मुख्य प्रश्न उरला. मी तिला म्हटले, "तुला यांची वेळ हातात हवी आहे का? हवी असेल तर त्यांचा भारही घे. भार नको असेल तर वेळ सोड. दोन्ही बाजूंनी खाणारा कागद मी मराठीत करणार नाही."

ती बराच वेळ काही बोलली नाही. हिशेब करीत असावी. तिचीही अडचण मला दिसत होती. नवा उद्योग, डोक्यावर थोडे कर्ज, पालक फी उशिरा देणारे. सहा पगार बांधून घेण्याची तिची ऐपत नव्हती, आणि नीतीच्या गोष्टींनी महिनाअखेर भरत नाही, हे मास्तराइतके कुणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी तिने सहाही जणांना बोलावून विचारले, की तुम्हाला काय हवे? चौघांच्या स्वतःच्या आणखी शिकवण्या होत्या. त्यांना मोकळीकच हवी होती. कुणाची शेती होती, कुणी परीक्षेचा अभ्यास करीत होते. त्यांच्या करारातून वही, बिल्ला, दंड आणि बंदी ही चारही कलमे गेली. घर कुठले घ्यायचे, वेळ कुठली ठरवायची आणि कसे शिकवायचे, हे ते आणि पालक मिळून ठरवणार. भाचीने ओळख करून द्यायची, पैशाची हमी घ्यायची आणि त्याबद्दल तिचा ठरलेला हिस्सा ठेवायचा. हे उक्ते मास्तर, जुन्या पंतोजीच्या जातीचे. उरलेल्या दोघी रोज संध्याकाळचे चार तास फक्त तिच्याचसाठी काम करणार होत्या आणि तिच्या सांगण्याप्रमाणे करणार होत्या. त्यांना तिने पगारावर घेतले, महिन्याची ठराविक तारीख लिहिली आणि अपघाताचा विमा उतरवला. नफा कमी होईल, असे ती म्हणाली. होईलच.

दोन निरनिराळे करारनामे मी त्या आठवड्यात मराठीत लिहून दिले. माझ्या कादंबऱ्यांवर जेवढा वेळ घालवतो त्याहून जास्त वेळ त्या सहा पानांवर गेला. कादंबरीत एखादा शब्द सैल पडला तर फार तर टीकाकार बोलतो. इथे कुणाचा तरी पगार सैल पडला असता.

वसुबारसेच्या दिवशी भाची त्या दोघींना घेऊन घरी आली. ओटीवर बसून त्यांनी कागद नीट वाचले, मग सह्या केल्या. आई दारात रांगोळी काढीत होती. तिला वाचता येत नाही. तिने हात झटकले, आत येऊन कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि त्यांतल्या एकीला विचारले, "पोरी, रजेचं लिव्हलंय का ह्यात?"

"लिहिलंय आजी," ती मुलगी म्हणाली. "दिवाळीचे चार दिवस धरून."

"भरपगारी?"

"भरपगारी."

आईने कागद परत दिला आणि त्या दोघींसाठी फराळाच्या बश्या भरायला ती स्वयंपाकघरात गेली.